साहेबांच्या सहीची पदवी

नोकरीतल्या पोलिसांसाठी तीन वर्षांची पदवी काढायची, असं पडेगावकडच्या एका कॉलेजनं ठरवलं आणि अभ्यासक्रम लिहायचं काम तिथं शिकवणाऱ्या तनुजामॅडमच्या गळ्यात पडलं. घोडं हजेरीवर अडलं. पोलीस वर्गात बसणार कधी? मॅडमनी तोड काढली: मोर्चा, उरूस, मिरवणूक, जिथं बंदोबस्त तिथंच प्रात्यक्षिक, आणि त्याला गुण. प्राचार्य काकासाहेब खूश झाले. फाइल सोमवारी विद्यापीठात जायची होती.

रविवारी वाळूजहून मॅडमचा धाकटा भाऊ आदिनाथ जेवायला आला. तो पोलीस शिपाई. पहिल्या तुकडीत नाव घालायचं, हे त्यानं कधीच ठरवून टाकलेलं. ताट वाढता वाढता तनुजानं त्याला सगळं सांगितलं.

"लई भारी काढलंस आक्का! पण बंदोबस्ताला होतो, हे लिहून कोण देणार?"

"तुमचे ठाण्याचे साहेब. सही-शिक्क्यानिशी."

आदिनाथ भाकरी मोडता मोडता हसायलाच लागला. "मंग कल्याण झालं! रजा त्यांच्या हातात, ड्युटी त्यांच्या हातात, आता डिग्री बी. उद्या म्हणतील, जावईबापूंना स्टेशनावरून घेऊन ये, नायतर नापास."

"असं कसं? नियम आहे ना."

"तुझ्या नियमाला आमचे साहेब कुठं ओळखतात?"

तनुजानं वरण वाढलं. मग म्हणाली, "सहीची अट काढून टाकली तर फाइल परत येईल. यंदाचे प्रवेश हुकतील."

आदिनाथचा चेहरा उतरला. "यंदा पोरगी बारावीला. पुढच्या साली बाप-लेक संगंच पयल्या वर्षाला बसणार म्हन की."

"मग ठेवू सही?"

तो पाणी प्याला. "ते तू ठरव. मला इचारशील तर मी ठेव म्हणंन. गरजवंत हाये मी."

सोमवारी तनुजानं सहीची अट काढून टाकली. बंदोबस्तावरून आल्यावर विद्यार्थ्यानं अहवाल लिहायचा, तोंडी परीक्षा कॉलेजनं घ्यायची, असं घातलं. काकासाहेब म्हणाले, "मॅडम, हे विद्यापीठात टिकायचं नाही." तिनं फाइल पुढं सरकवली.

नाहीच टिकलं. ड्युटीचा पुरावा काय, असा शेरा मारून फाइल परत आली, तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. तिनं आदिनाथला फोन लावला. तो मिरवणुकीच्या बंदोबस्तावर होता, मागं ढोल वाजत होते.

"आदिनाथ, यंदा नाही रे होत."



"बरं," तो म्हणाला. "ठेव आता. साहेब बघायलेत."