मिनारावरून आमची गच्ची

आमच्या बेगमपुऱ्यात रीतच होती. घरातलं कुणी पाहुण्यांना घेऊन मकबऱ्याच्या मिनारावर चढलं, की मागं राहिलेल्यानं गच्चीत लाल कापड पसरायचं आणि शेजारी उभं राहून हात हलवायचा. वर गेलेल्यानं पाहुण्यांना दाखवायचं, ते बघा आमचं घर! आणि आमच्या घरात मागं राहणारी कोण? मीच. दुसरं कोण असणार!

सासरचे आले, माहेरचे आले, ह्यांच्या कचेरीतले हैदराबादचे साहेब आले. सगळे मिनार चढले. मी लग्नातलं लाल लुगडं कठड्यावर टाकून उन्हात वेड्यासारखी हात हलवत राहिले. "मला न्या की एकदा," म्हटलं, तर हे म्हणायचे, "भानुमती, तू वर आलीस तर मी खाली बघू कुणाला?" बोलण्यात पटाईत माणूस. पण परत आले की न चुकता सांगायचे, "दिसलीस बरं का. पदर सारखा करत होतीस. मग वळून पापड उलटलेस." सगळं खरं असायचं. मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग हे वारले. पोरगा नोकरीला हैदराबादेत, तिथलाच झाला. घरात बोलायला भिंती. दिवसभर मी काय करते हे बघणारं कुणी उरलं नाय, हेच मला खात होतं. पदर सारखा केला काय, नाय केला काय. म्हणून ठरवलं, आपण मिनार चढायचा. तिथून मी ह्यांना कशी दिसायचे, तेवढं एकदा बघायचं.

शेजारच्या मेहरुन्निसाला सांगितलं. ती म्हणाली, "जाव भाभी. लुगडं मी पसरते, हात पण हलवते. वरून तुमचं घर सुनं दिसायला नको."

मिनारात मिट्ट काळोख आणि वटवाघळांचा वास. पायऱ्या उंच, गुडघे बोंबलायला लागले. मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडत, भिंत धरत चढले. वर सिल्लोडचं एक जोडपं होतं. बाई नवऱ्याला म्हणत होती, "अहो, तो बघा आपला टांगा!" मग माझ्याकडं वळली. "तुम्ही इथल्याच का? घर कुठंय तुमचं?"

"दाखवते की," म्हणत मी ऐटीत पुढं झाले. आमची गल्ली दिसली, कोपऱ्यावरचा पिंपळ दिसला. आणि आमच्या घराच्या आड नवाबसाहेबांच्या देवडीची, त्या वाड्याची, भलीमोठी भिंत. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, टाचा उंचावल्या. घर नाय, गच्ची नाय, लुगडं नाय. चारांतला चढायला उघडा मिनार हा एकच, ह्यांच्या वेळीही हाच. आणि देवडी काय काल बांधलेली? माझी वरात त्या भिंतीखालूनच आली होती.

"कुठंय हो?" बाईनं पुन्हा विचारलं.

"इथली नाय मी," म्हटलं आणि तोंड फिरवलं.

असला संताप आला! इतकी वर्षं उन्हात उभं केलं मला, आणि मी दिसतच नव्हते. एकदाही नाय. एक माणूस तरी मला बघतो, असं समजत आले, त्यानंही बघितलं नव्हतं. उतरताना डोळ्यांतल्या पाण्यानं पायरी दिसेना. माझ्याइतकं एकटं या गावात कुणी नसेल, असं वाटलं.

घरी आले तर मेहरुन्निसा अजून गच्चीतच. उन्हानं तोंड लालबुंद झालेलं. मला बघून वरूनच ओरडली, "दिसले का भाभी मी? हात तुटला हलवून हलवून!"

देवडीची भिंत अगदी ओठांवर आली होती. जिना चढून वर गेले, तिच्या तोंडाकडं बघितलं.

"दिसलीस की," मी म्हणाले. "ओढणीचं टोक दातात धरलं होतंस. आणि एक हात कमरेवर."

"या अल्ला!" ती लाजली. "इतकं दिसतं तिथून?"

रोज वाळवण घालताना बघते मी तिला. ती कशी उभी राहते हे मला डोळे मिटूनही सांगता येतं. शब्द तोंडातून गेले आणि मग कळलं, मी कुणासारखी बोलले ते.

"व्हय," म्हटलं, "सगळं दिसतं." आणि लुगड्याचं दुसरं टोक धरून तिच्याबरोबर घडी घालायला लागले.