चौथी टीप

शर्ट उलटा करून तिने जुन्या शिवणीच्या अर्धा बोट आत खडूने रेघ ओढली, बगलेपासून थेट खालपर्यंत, आणि मशीनवर टीप मारली. दोन्ही बाजूंना. मग शिवण इस्त्रीने अशी दाबली की बाहेरून कोणाला संशय येऊ नये. वर्षभरात या निळ्या शर्टावर मारलेली ही चौथी टीप होती.

"आटपलं का गं? बाई येतील आता," नवरा आतून म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती हातात इस्त्री धरून तशीच उभी राहिली. उबळ थांबली तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

ही भीती घरात आली ती थोरल्या दिरांमुळे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आरोग्यविम्यासाठी अर्ज केला, तर डॉक्टरांच्या एका जुन्या चिठ्ठीवर छातीच्या दुखण्याचा उल्लेख निघाला. विमा कंपनीने त्यांना उभंच केलं नाही. ऑपरेशन झेपणारं नव्हतं, आठ महिन्यांत दीर गेले. तेव्हाच तिने मनाशी पक्कं केलं होतं, आपल्या घरातलं दुखणं कागदावर येऊ द्यायचं नाही. आधी विम्याचं कार्ड, मग डॉक्टर. आता सरकारची नवी योजना आली होती, त्यांच्यासारख्यांना परवडणारी, आणि नावनोंदणीचा आज शेवटचा दिवस होता.

नवरा रंगारी. दिवसभर शिडीवर, आणि तोंडाने एकतर गाणी नाहीतर कोणाची तरी टिंगल. खोकल्याचं खापर तो रंगाच्या वासावर फोडायचा. "आजारी माणूस वाळतो," छातीवर थाप मारून तो सांगायचा, "माझे शर्ट बघ, जसेच्या तसे बसतात." शिंपिणीचा नवरा असून त्याला शिवणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहायची. तो घाबरला तर तडक दवाखाना गाठेल, चिठ्ठी होईल आणि दिरांचं झालं तेच होईल, या धास्तीने तिने त्याच्या पँटीसुद्धा कमरेत आवळल्या होत्या.

योजनेच्या बाई आल्या. अगदी पोरसवदा होत्या. कापडांचा ढीग सरकवून त्या खुर्चीवर टेकल्या आणि हातातल्या टॅबलेटवर बघून एकेक प्रश्न विचारू लागल्या.

"जुना खोकला?"

"नाही," नवऱ्याच्या आधी तिनेच सांगितलं.

"वर्षभरात काकांचं वजन उतरलंय?"

"नाही." पुन्हा तीच बोलली.

"छे हो!" नवरा हसला. "वजन उतरायला हिने आधी डबा द्यायचं थांबवायला हवं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. शर्ट अंगावर चापूनचोपून बसला होता. त्यांनी दोन्हीकडे 'नाही' नोंदवलं.

"तुमचं सोपं आहे, काकू. लोक अजून जुन्या भीतीने दुखणी लपवतात. नव्या नियमात सगळं उलटं आहे. आज सांगितलेल्या दुखण्यावर पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. लपवलेलं नंतर सापडलं, तर कार्डच रद्द." त्यांनी बोट उचललं. "पाठवू ना अर्ज? एकदा गेला की बदलता येत नाही."

ज्या संकटाला ती वर्षभर दाराबाहेर ठेवत आली होती, तेच तिने आत्ता स्वतःच्या तोंडाने घरात घेतलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "दोन्हीकडे 'हो' लिहा."

"अगं, मला काय धाड भरलीय?" नवरा चिडला. "बाई, हिचं ऐकू नका. दादा गेल्यापासून हिला सगळीकडे तेच दिसतं."

"काका, तुम्ही स्वतः 'हो' म्हटल्याशिवाय मला लिहिता येणार नाही."

"कशाला म्हणू? मी धडधाकट आहे." तो उभा राहिला आणि त्याने छातीवर थाप मारली. "हा शर्ट बघा. वर्षभर हाच घालतोय."

तिने मशीनवरचं ब्लेड उचललं. त्याच्यापुढे गुडघे टेकून तिने शर्टाची खालची कड उलटी केली आणि सगळ्यात आतली टीप कापली. ब्लेड त्याला लागू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने कापड अंगापासून दूर धरलं. मग दुसरी टीप. मग तिसरी आणि चौथी. कापड त्याच्या एका कुशीवरून सैल होऊन खाली लोंबलं.

नवऱ्याने ते कापड बोटांत धरलं. शिवणीतलं कळत नसलं तरी त्याला रंग कळत होता. कडेची पट्टी नव्या कापडासारखी गडद निळी होती, तिच्या शेजारची थोडी विटलेली, त्यापुढची आणखी विटलेली. त्याने त्या पट्ट्यांवरून सावकाश अंगठा फिरवला.

"सगळ्या शर्टांना?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याला खोकला आला. या वेळी त्याने रंगाच्या वासावर खापर फोडलं नाही. उबळ ओसरल्यावर तो बाईंना म्हणाला, "लिहा." मग तिच्याकडे वळला आणि माप द्यायला उभा राहावा तसा त्याने न उसवलेल्या बाजूचा हात वर केला.