पंधरा मिनिटांचं अजिंक्यपद

बादालोनातल्या झऱ्याच्या उतरणीला सत्तर पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या पस्तीस माद्रिदच्या आहेत.

माद्रिदवाल्यांनी त्या काही विकत घेतल्या नव्हत्या. आपल्या क्लिमेंतनेच त्यांना बहाल केल्या, तेही आनंदाच्या भरात. क्लिमेंत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ब्याण्णव साली गावाच्या संघाने, म्हणजे आमच्या पेन्याने, ओळीने दुसऱ्यांदा बास्केटबॉलची लीग जिंकली आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने ठरवलं, लीग सत्तावन्न साली सुरू झाली तिथपासून दर पायरीवर एकेक साल आणि त्या सालचा विजेता लिहायचा. खालून वर. पेन्यासाठी हिरव्या रंगाचा मोठा डबा घेतला, बाकीच्यांसाठी पांढऱ्याचा छोटा. दहाव्या पायरीपर्यंत हिरव्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. माद्रिद, माद्रिद, मध्ये एकदा शेजारचं बार्सिलोना, की पुन्हा माद्रिद. सदुसष्टला झाकण एकदा उघडलं, आणि मग पुढच्या दहा पायऱ्या पुन्हा घट्ट बंद. पांढरा रंग आणायला त्याला दोनदा दुकानात जावं लागलं. आपल्या चार विजयांचा उत्सव करायला निघालेला माणूस संध्याकाळी खाली उभा राहून वर बघतो, तर अख्खी उतरण माद्रिदची! डबा खाली ठेवून तो तिथेच रडू लागला.

तेव्हा त्याला सावरलं ते एंग्रासियाने. ती उतरणीच्या अगदी माथ्यावर राहायची, बनियनच्या गिरणीत कामाला होती, आणि गिरणीतल्या बायकांचा आवाज असतो तसा तिचा आवाज होता.

"रडतोस काय असा?" ती वरून ओरडली. "बरंच झालं की! रोज येता-जाता तुडवू त्यांना!"

"आणि हिरव्या पायऱ्यांवर?" कोणीतरी विचारलं.

"हिरव्यावर पाय ठेवून बघ, मग सांगते."

झालं. तेव्हापासून उतरणीवर हाच कायदा. माद्रिदवर टाच आपटून चालायचं, बार्सिलोनावर चपला घासत, आणि हिरवी पायरी आली की उडी. सदुसष्टची एक, अठ्ठ्याहत्तरची एक. एक्क्याण्णव आणि ब्याण्णव जोडीने येतात, तिथे दोन्ही एकदम. पोस्टमन उडी मारतो. धर्मगुरू झगा वर धरून उडी मारतो. बाल्दिरी सुताराचं कुत्रं तर पिल्लू असल्यापासून उडी मारतं. खांद्यावर नारिंगी सिलिंडर घेऊन आलेला गॅसवाला एकदा दमून ब्याण्णववर टेकला, तर एंग्रासियाने खिडकीतून त्याला असं काही झापलं की बिचारा सिलिंडरसकट उडाला. दर जूनमध्ये लीग संपली की क्लिमेंत यायचा, वरची एक कोरी पायरी रंगवायचा. दोन हजार एकोणीसच्या जूनपर्यंत त्रेसष्ट पायऱ्या भरल्या होत्या.

त्याच साली एंग्रासियाचा गुडघा बदलला. वय शहात्तर. डॉक्टरांनी सांगितलं, पायरी एका वेळी एकच. दोन पायऱ्या एकदम नाही, उडी तर स्वप्नातही नाही. सदुसष्ट आणि अठ्ठ्याहत्तरपाशी भिंतीला लोखंडी कठडा होता, तिथे कसंबसं जमलं असतं. पण एक्क्याण्णव-ब्याण्णव म्हणजे त्र्याण्णववरून थेट नव्वदवर उतरायचं. ते काही नव्या गुडघ्याच्या नशिबी नव्हतं.

अकरा आठवडे ती वरच राहिली. पाव बाल्दिरी आणून द्यायचा, मासळी पायथ्याच्या बारची पाकिता. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची आणि किनाऱ्याला लागून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज यायचा. रोज सकाळी जिथे बसायची तो किनाऱ्यावरचा तिचा बाक मात्र दिसायचा नाही. त्यावर आता कोण बसत असेल, या विचाराने तिला झोप लागेना.

येइदा शहरातून मुलीचा फोन आला. रोसेर अडुसष्टची, म्हणजे माद्रिदची ओळीने दहा वर्षं सुरू झाली त्या सालची. दहा वर्षांची होईपर्यंत तिला वाटायचं, जो जिंकतो त्यालाच माद्रिद म्हणतात. शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिली आली तेव्हा "आई, मी माद्रिद आले!" असं ओरडत घरी आली आणि तिला का मार बसला हे तिला कळलंच नव्हतं. आता ती एका दवाखान्याचं व्यवस्थापन बघायची आणि आईशीही तशीच बोलायची.

"आई, माझ्या इमारतीत लिफ्ट आहे."

"समुद्र आहे?"

"समुद्र कुठून असेल?"

"मग काय आहे?"

"लिफ्ट!" रोसेर म्हणाली. "हे बघ, रविवारी बारा वाजता मी खाली सत्तावन्नपाशी उभी राहते. तू आपल्या पायांनी अख्खी उतरण उतरून ये. आलीस तर राहा तिथेच, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलीस तर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," एंग्रासिया म्हणाली आणि फोन ठेवून तिने गुडघ्याला एक शिवी दिली.

ती खाली जाऊ शकत नव्हती म्हणून सभा तिच्याच स्वयंपाकघरात भरली. पाकिता ऑलिव्हची वाटी घेऊन आली, बाल्दिरी कुत्र्यासकट आला, क्लिमेंत सगळ्यांत शेवटी आला. त्याला एक खुर्ची पुरायची नाही, इतका तो अलीकडे सुटला होता.

"सोपं आहे," पाकिता म्हणाली. "मिरवणुकीत देवीला नेतात तसं खुर्चीत बसवून उचलून नेऊ तिला."

"रोसेरने आपल्या पायांनी म्हटलंय," एंग्रासिया म्हणाली.

"मग दे की पाय हिरव्यावर! एकदाच. कोण बघतंय?"

यावर कुत्र्यासकट सगळ्यांनी पाकिताकडे असं पाहिलं की तिने मुकाट्याने एक ऑलिव्ह तोंडात टाकला. ती मूळची दूर दक्षिणेतल्या मालागाची. चाळीस वर्षं बादालोनात काढली तरी एखादवेळी चुकायची.

बाल्दिरीने घसा खाकरला. "मी दोन फळ्या करतो. पायरीच्या मापाच्या, पातळ. एक्क्याण्णववर एक, ब्याण्णववर एक. वरून ती चालेल. पाय फळीवर, पायरीवर नाही."

"फळी कोरी?" क्लिमेंतने विचारलं.

"कोरी."

"मग पाय हिरव्यावरच पडला की रे. बूट घातल्यावर आपण रस्त्यावर चालत नाही का?"

हे सगळ्यांना पटलं. उतरणीवर इतकी वर्षं राहून माणसांना असल्या गोष्टी पटतात.

"मग फळीवर असं काहीतरी लिहू, की त्यावर पाय द्यायला हरकत नाही," बाल्दिरी म्हणाला.

काय लिहायचं ते प्रत्येकाला कळलं होतं, पण ते तोंडातून काढणार कोण?

"बार्सिलोना लिहा," पाकिता म्हणाली.

"छे! शेजाऱ्याला द्यायचं?" बाल्दिरी म्हणाला. "जन्मभर ऐकवतील. त्यापेक्षा परक्याला दिलेलं बरं."

"मग मालागाला द्या ना! आमच्याकडे सहा सालचं एकुलतं एक अजिंक्यपद आहे हो."

"तुझ्या मालागावर ती पाय आपटेल होय? तुझ्याच हातची मासळी खाते ती."

शेवटी क्लिमेंतच बोलला, आणि त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आला. "म्हणजे एक्क्याण्णव माद्रिद आणि ब्याण्णवही माद्रिद. असंच ना?"

"थोडा वेळच रे."

"किती?"

"बारा ते सव्वाबारा," बाल्दिरी म्हणाला. "पंधरा मिनिटं. मग फळ्या उचलल्या की सगळं होतं तसं."

"पंधरा मिनिटं त्यांची सदतीस, आपली दोन," क्लिमेंत बोटांवर मोजत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आणि नेमका त्याच वेळी भूकंप झाला तर? आपण सगळे गाडले गेलो आणि हजार वर्षांनी कोणी खणून काढलं तर?"

या शक्यतेवर अर्धा तास चर्चा झाली. अखेर मतदान झालं. बाल्दिरी आणि पाकिताने हात वर केले. क्लिमेंतने केला नाही, पण अक्षरं मीच काढणार, तीही खडूने, असं त्याने बजावलं. एंग्रासियाला कोणी विचारलंच नाही. ती खिडकीबाहेरच्या समुद्राच्या पट्टीकडे बघत होती.

रविवारी बारा वाजता रोसेर खाली येऊन उभी राहिली. पायात ऑफिसचे बूट, हातात मोठी पर्स, चेहऱ्यावर दवाखाना. दोन्ही बाजूंच्या दारांत, खिडक्यांत माणसं होती. वर फळ्या पडल्या. एंग्रासियाने ठेवणीतला घागरा घातला होता, ओठांना लाली लावली होती. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला.

वरच्या कोऱ्या पायऱ्या उतरून ती एकोणीस सालावर आली आणि तिने टाच आपटली. खिडक्यांतून टाळी पडली. अठरावर पुन्हा आपटली. सतराला वालेन्सिया होतं, तिथे हळूच पाय टेकला. त्यांनी आपलं काय घोडं मारलंय? सोळा, पंधरा, ठण, ठण. जसजशी खाली येत होती तसतसा तिच्या अंगात जोर येत होता. सहा सालावर पाकिता "पाय जपून गं, ते आमचं आहे!" म्हणून ओरडली. अठ्ठ्याण्णवला मानरेसा, लीगमध्ये सहावा आलेला लहानशा गावचा संघ त्या साली सगळ्यांना चारी मुंड्या चीत करून गेला होता. त्या पायरीला तिने मान लववली आणि मगच उतरली. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव.

ती थांबली.

खालच्या दोन पायऱ्यांवर बाल्दिरीच्या कोऱ्या लाकडाच्या फळ्या होत्या आणि त्यांवर क्लिमेंतच्या सुबक अक्षरांत दोनदा माद्रिद. इतकं सुबक त्याने तीस वर्षांत लिहिलं नव्हतं. वाईट काम चांगलंच करायचं, असा त्याचा बाणा होता.

"चल गं, उतर!" बाल्दिरीने घड्याळ दाखवलं. "चार मिनिटं राहिलीत."

तिने पाय उचलला. पाय हवेतच राहिला. नवा गुडघा चांगला वाकत होता, त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार त्याच्या वर कुठेतरी होती. इथे राहायला मिळावं म्हणून अकरा आठवडे ती तळमळली होती; आणि आता राहायचं तर माद्रिदला दोन लीगा देऊन! उद्या बाकावर बसून समुद्राकडे बघितलं असतं, तर समुद्रानेच तोंड फिरवलं असतं.

"क्लिमेंत," ती म्हणाली. "उचल त्या."

"काय?" बाल्दिरी किंचाळला. क्लिमेंतने मात्र दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो वाटच बघत होता. त्या सुटलेल्या देहाने वाकून दोन्ही फळ्या एका झटक्यात काखोटीला मारल्या. खाली हिरवा रंग चमकला.

"आई!" रोसेर खालून ओरडली. "उडी मारायची नाही! खबरदार!"

एंग्रासियाने काठी पाकिताकडे दिली, घागरा सावरला आणि त्र्याण्णववर, माद्रिदच्या डोक्यावर, बूड टेकून बसली. मग दोन्ही पाय सरळ समोर उचलले.

"धरा रे," ती म्हणाली.

एक पाय बाल्दिरीने धरला, एक क्लिमेंतने. आणि ती घसरत ब्याण्णववर आली.

उतरणीवर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कायदा पायांचा होता. बसण्याबद्दल कोणी काही ठरवलं नव्हतं.

"चालतं का हे?" खिडकीतून कोणीतरी कुजबुजलं.

"आपल्याच घरात बसायला कोणाची परवानगी लागते?" एंग्रासिया म्हणाली आणि आणखी एक घसरण घेऊन एक्क्याण्णववर आली. तिथे तिला इतकं बरं वाटलं की ती पुढे सरकेचना.

तोवर रोसेर तरातरा वर निघाली होती. ठण ठण बूट वाजवत आली, सदुसष्टवरून उडी मारली, माद्रिदच्या दहा पायऱ्या तुडवल्या, अठ्ठ्याहत्तरवरून पर्ससकट उडी मारली आणि धापा टाकत नव्वदवर येऊन उभी राहिली. मग तिला कळलं की सगळे तिच्याच पायांकडे बघताहेत.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," पाकिता म्हणाली. "येइदात राहून सवय गेली नाही, एवढंच."

रोसेर लाल झाली. आईचे दोन्ही पाय अजून दोन म्हाताऱ्यांच्या हातांत होते. "मी पायांनी म्हटलं होतं, आई."

"पाय आणलेत की बरोबर. हे काय."

"ही काय उतरायची पद्धत झाली?"

"दोनच पायऱ्या गं. बाकी सगळ्या मी चालते, ठणठणीत."

"आणि वर कशी जाणार?"

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बाल्दिरीने क्लिमेंतकडे पाहिलं, क्लिमेंतने फळ्यांकडे, आणि एंग्रासियाने हळूच पाय सोडवून घेतले.

"उलटी बसून," ती म्हणाली. "जशी आले तशीच, पाठीकडून. तू बस माझ्या शेजारी, दाखवते."

"मी नाही बसणार. नवा स्कर्ट आहे."

"एक्क्याण्णव साली तू तेवीस वर्षांची होतीस आणि इथल्याच चौकात शर्ट काढून फिरवत होतीस."

"आई!"

"खरं ते खरं," क्लिमेंत म्हणाला.

रोसेरने पर्स नव्वदवर, बार्सिलोनावर ठेवली, आणि स्कर्टची पर्वा न करता आईला खेटून बसली. दोघींनी पाय समोर ताठ धरले होते. इथून, छपरांच्या फटीतून, समुद्राची एक मोठी पट्टी दिसत होती. वरच्या खिडकीतून दिसते त्याहून मोठी.

"एक हंगाम," रोसेर शेवटी म्हणाली. "पुढच्या जूनपर्यंत राहा. मग मी येऊन बघते."

"दोन."

"एक. आणि दर महिन्याला डॉक्टर."

"डॉक्टर चालेल. दोन."

"खेळाडूला या वयात एकाच वर्षाचा करार मिळतो, आई."

"खेळाडू सिलिंडरवाल्याला ओरडत नाहीत. कोण सांभाळणार ही उतरण? दोन."

पाकिता म्हणाली की बारमधला व्हर्मुतचा पेला गरम होतोय, आणि पायथ्यापर्यंत अजून चौतीस पायऱ्या आहेत. एंग्रासिया रोसेरचा हात धरून उठली, नव्वदवर पाय घासला आणि म्हणाली, "दोन." एकोणनव्वदवर रोसेर म्हणाली, "एक." असं दर पायरीला चाललं, दोन, एक, दोन, एक, आणि मागून सगळी उतरण हसत उतरत होती. अठ्ठ्याहत्तरपाशी एंग्रासियाने कठड्याला हात घातला, गुडघ्याचा अंदाज घेतला आणि मग कठडा सोडून सरळ खाली बसली. तिच्यामागून रोसेरही बसली, या वेळी कोणी न सांगता.

"बरं," रोसेर पाय उचलत म्हणाली. "दीड."