पटलं, ताई

मला परीक्षण करायला बोलावलं होतं, टाळ्या वाजवायला नाही. पण पहिल्या रांगेत बसवून प्राचार्यांनी हातात पुष्पगुच्छ कोंबला, तेव्हाच माझं डोकं सटकलं.

त्या कॉलेजात 'ताई-दादा गट' होता. वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी नव्यांना शिकवायचं: अंगचटीला येणाऱ्याला कसं अडवायचं, कुणाला सांगायचं. तो गट कामाचा की नुसता देखावा, हे मी ठरवायचं होतं. "वर्षभरात एकही तक्रार नाही, मॅडम!" प्राचार्य छाती फुगवून म्हणाले. एवढ्या पोरांत एकही नाही? कुणाला शेंड्या लावताय?

कारण सकाळीच जिन्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. प्रयोगशाळेतले सर दार लावून घेतात, म्हणाली. गटातल्या ताईला सांगितलं, तर ताई म्हणाली, मार्क त्यांच्या हातात आहेत, परीक्षा होऊ दे, मग बघू. "आता कुणाला सांगू?"

"मला," मी म्हटलं. "कार्यक्रम संपला की आपण दोघी बसू."

पडदा सरकला आणि मंचावर तीच. तक्रार घेऊन आलेल्या मुलीशी कसं बोलावं, याचं नाटुकलं होतं, आणि तक्रारवाली हिलाच केलं होतं. "ही फार खरं करते हो," प्राचार्य कुजबुजले. करणारच ना खरं! माझ्या दुसऱ्या बाजूचे एक सर तर वाक्यावाक्याला टाळ्या पिटत होते.

ताई झालेली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नीट आठव हं. तुझाच गैरसमज नाही ना? सरांना बायकामुलं आहेत. घरी कळलं तर शिक्षणच बंद करतील तुझं." बिचारी पाठ केलेलं घडाघडा बोलत होती, तिच्यावर काय चिडायचं? ते लिहून देणारे प्राचार्य माझ्या शेजारी मान डोलवत बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलींना बोलतं करायला काढलेला गट त्यांचीच तोंडं बंद करत होता, आणि वर त्याचं प्रदर्शन!

शेवटचं वाक्य त्या पोरीचं होतं: "पटलं, ताई."

ती आमच्या रांगेकडे बघत राहिली.

"विसरली वाटतं," प्राचार्य हसले. "अगं, पटलं म्हण!"

"नाही पटलं."

सभागृहात खसखस पिकली. "परत घ्या, परत घ्या!" प्राचार्य ओरडले.

"नाही पटलं." या वेळी तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. कुणी हसलं नाही.

मी पुष्पगुच्छ प्राचार्यांच्या मांडीवर टाकला आणि मंचावर चढले. "बाळा, बाहेर जाऊन बोलू या का? इथं सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर..."

"इथंच बोलते," ती म्हणाली. "इथं दार उघडं आहे."

ताई झालेली मुलगी डोळे पुसत तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

मग त्या पोरीनं सरांचं नाव घेतलं. माझ्या रिकाम्या खुर्चीशेजारचे, टाळ्या पिटणारे सर उठले आणि लगबगीनं दाराकडे निघाले. दारात गटातले दादा उभे होते. एकही बाजूला झाला नाही.