जगनचा बाप्तिस्मा

जगन बाप्तिस्मा घेणार हे मला रुचिताने सांगितलं. ती आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमधली, दर रविवारी आंबिवलीला प्रार्थनेला जाते. "सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष देताना रडतो गं तो," म्हणाली. "मी मोठा पापी होतो, येशूने माझी सगळी पापं धुतली, असं सांगतो."

जगन माझ्या धाकट्या बहिणीचा, दीप्तीचा नवरा. सात वर्षांपूर्वी दीप्ती जळून गेली. चहा करताना ओढणीने पेट घेतला, असं त्याने पोलिसांना सांगितलं. दीप्ती घरात ओढणी घेतच नव्हती. मी चौकीत तीनदा जाऊन सांगितलं, कोणी लिहून घेतलं नाही. अपघात म्हणून फाईल बंद झाली. आणि आता याची पापं धुतली गेलेली!

पुढच्या रविवारी मी रुचिताबरोबर गेले. पिठाच्या गिरणीवर एक हॉल होता, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. बायकांनी डोक्यावर पदर घेतलेला, मीही घेतला आणि मागे बसले. जगन पुढच्या रांगेत डोळे मिटून हात वर करून उभा होता. तेच हात.

प्रार्थना संपल्यावर मी पास्टरना गाठलं. परशुराम पास्टर, पूर्वी कारखान्यात फिटर होते, साधा माणूस.

"खून केलेल्यालाही तुमचा देव माफ करतो का?" मी विचारलं.

"करतो, ताई. आपल्या पापाची शिक्षा ख्रिस्ताने क्रुसावर स्वतः भोगली. जो पश्चात्ताप करून त्याच्यावर विश्वास ठेवतो, त्याचं तारण होतं. पुण्य करून ते मिळवता येत नाही. फुकट मिळतं."

"फुकट?"

"आपल्याला फुकट. त्याला जीव द्यावा लागला."

"आणि जिचा जीव गेला, तिला कोणी विचारायचं?"

"पश्चात्ताप खरा असेल तर माणूस लपवत नाही, ताई. देवापुढेही नाही आणि माणसांपुढेही नाही."

मला तेवढंच हवं होतं. सगळ्यांपुढे विचारलं तर जगन खोटं बोलणार याची मला खात्री होती. तो खोटं बोलला की पास्टरच त्याला हाकलतील, त्याला तोंड दाखवायला एकही जागा उरणार नाही, असा माझा हिशोब.

बाप्तिस्मा काळू नदीवर होता. सकाळची वेळ, काठावर तीसेक माणसं गाणं म्हणत उभी. जगन पांढऱ्या कपड्यांत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. पास्टरनी विचारलं, "तू तुझ्या पापांचा पश्चात्ताप केलास का?"

"केला," तो म्हणाला.

मी डोक्यावरचा पदर काढला आणि थेट पाण्यात उतरले. "कोणत्या पापांचा? नाव घे ना. दीप्ती कशी मेली ते सांग यांना!"

त्याने मला ओळखलं. चेहरा पांढराफटक पडला. काठावरचं गाणं थांबलं. मी वाट बघत होते, आता म्हणेल अपघात, आता म्हणेल ओढणी.

"मी पेटवलं तिला," जगन म्हणाला. "भांडण झालेलं. पेट्रोल मी ओतलं. काडी मीच लावली, ताई."

काठावर कोणीतरी हुंदका दिला. माझे पाय चिखलात रुतले होते. सात वर्षं हे वाक्य ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर त्याचं डोकं त्याच पाण्यात दाबून धरावंसं वाटलं. मी त्याची कॉलर धरलीच. त्याने हात वर केले नाहीत, मान खाली घालून उभा राहिला. त्याचाच मला जास्त राग आला.

"चौकीवर चल," मी म्हटलं. "आत्ता. ओल्या कपड्यांनी."

"ताई, बाप्तिस्मा होऊ दे, मग मी स्वतः घेऊन येतो," पास्टर म्हणाले.

"नाही. एक थेंब डोक्यावर घ्यायचा नाही त्याने."

जगनने पास्टरांकडे पाहिलं. "जाऊ द्या, पास्टर. ताई म्हणतायत तसंच करू."

रिक्षात मी आणि पास्टर मागे बसलो, तो ड्रायव्हरशेजारी. वाटेत मागे न बघता म्हणाला, "ताई, मला माफ..."

"ते तुझ्या देवाकडे माग," मी म्हटलं. "माझ्याकडे नाही."

त्याने मॅजिस्ट्रेटपुढेही तोच जबाब दिला. केस उघडली, तो आत गेला. आई म्हणाली, "झालं ना आता, उत्तरा? जेव नीट." मी जेवले. चव लागली नाही.

परवा कोर्टाबाहेर पास्टर भेटले. म्हणाले, तुरुंगात तो बाकीच्यांना प्रार्थना शिकवतो, रात्री शांत झोपतो. मग हळूच म्हणाले, "ताई, ख्रिस्त तुमच्यासाठीही मेला."

"मी कोणाला जाळलं नाही," मी म्हटलं.

मला त्यांची कीव वाटली की माझी, ठाऊक नाही. पण जगनला रात्री झोप लागते हे ऐकून मी घरी येऊन भांडी आपटली.

मी एकही तारीख चुकवत नाही. पहिल्या बाकावर बसते, तो आत आला की त्याच्याकडे बघत राहते. तो मान वर करतो, हात जोडतो. मी जोडत नाही.