मंगळवारी पाच वाजता, कोचावर

आठ वर्षं घासून हिमेना थेरपिस्ट झाली आणि तिला पेशंट मिळेना.

सहा वर्षं विद्यापीठात गेली. पुढची दोन ती स्वतः दुसऱ्या थेरपिस्टच्या कोचावर पडून होती, कारण लोकांच्या मनात डोकवायचं असेल तर आधी आपलं उघडून दाखवा, असा या धंद्याचा दंडकच आहे. शिवाय दर गुरुवारी लेओनोरबाईंसमोर बसायचं. या तिच्या मार्गदर्शक. वय सत्तर, आणि अर्ध्या ब्वेनोस आइरेसची गुपितं यांच्या पोटात. त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली, ती म्हणजे गप्प बस. पेशंटला खोदून विचारू नकोस, सुचवू नकोस, त्याचं वाक्य पुरं करू नकोस. हिमेना जन्माची बडबडी. बाकीचं सगळं ती वर्षभरात शिकली, उरलेली सात वर्षं तोंड मिटायला लागली, असं तिची आई नेलिदा येईल त्याला सांगायची.

आता एकच पायरी उरली होती. सरकारी इस्पितळात नव्या थेरपिस्टसाठी एक जागा निघाली होती. पगार शून्य, आणि तरी अर्ज चाळीस, कारण तिथला शिक्का बसला की मग तुम्हाला कोणी विचारतं. अट अशी की मार्चमधल्या मुलाखतीत स्वतःच्या एका पेशंटची हकिगत मांडायची. निदान चार भेटी झालेल्या हव्यात, पेशंट आपल्या पायाने आलेला हवा, नातेवाईक तर मुळीच चालणार नाही. नाही जमलं तर मामाचं ताज्या पास्त्याचं दुकान होतंच. मामाने तिच्या मापाचा एप्रन शिवून, वर तिचं नाव भरतकामात काढून ठेवलं होतं. माणूस प्रेमळ, पण घाई किती करावी.

बरं, पेशंट आणायचा कुठून? या शहरात ज्याला त्याला आपापला थेरपिस्ट आहे. खाटकाला विचारलं तर म्हणाला, अकरा वर्षं एकाकडे जातोय, आता त्याला सोडलं तर त्याला काय वाटेल. नेलिदाने लेकीसाठी पदर खोचला. भाजीच्या दुकानात पडलेल्या चेहऱ्याची माणसं हेरून ती त्यांच्या पिशवीत हिमेनाचं कार्ड टाकायची. एकदा रस्त्यात एक बाई रडताना दिसली, तिला धरलं, तर ती स्वतःच थेरपिस्ट निघाली आणि तिने नेलिदाच्याच हातात आपलं कार्ड ठेवलं. नेलिदा तिच्याकडे जायलाही लागली. फार छान आहे म्हणे.

असा फेब्रुवारी उजाडला. तिकडे ऋतू उलटे, त्यामुळे भर उन्हाळा. शहरातले झाडून सगळे थेरपिस्ट महिनाभर समुद्रावर निघून गेले आणि त्यांचे पेशंट आपापलं दुःख घेऊन घामाघूम होत बसले. लेओनोरबाईंनी जाताना हिमेनाला आपल्या खोलीची किल्ली दिली. म्हणाल्या, झाडांना पाणी घाल आणि कोणी सापडलाच तर इथेच बघ. हिमेनाने बेकरीत चिठ्ठी चिकटवली: "फेब्रुवारीतही उघडे." मग पत्ता. आणि ती वाट बघत बसली.

पहिल्या मंगळवारी पाच वाजता बेल वाजली. दारात साठीचा, जाड मिशांचा, स्वच्छ इस्त्रीच्या सदऱ्यातला एक गृहस्थ उभा. "मी एवारिस्तो," तो म्हणाला. हिमेनाने चेहरा लेओनोरबाईंसारखा ठेवला, मान हलवली आणि कोचाकडे हात केला.

गृहस्थ कोचाजवळ गेला. वाकून त्याने गादीवर दोन्ही मुठी दाबल्या, एकदा डोक्याकडे, एकदा पायाकडे. मग बूट काढून उताणा पडला आणि डोळे मिटून घेतले. हिमेना त्याच्या डोक्यामागच्या खुर्चीत वही घेऊन बसली. तो चकार शब्द बोलेना. मधूनच कंबर थोडी हलवायचा, कोच कुरकुरायचा, तो कान देऊन ऐकायचा. त्याच्या खिशातून मोजपट्टीचं टोक बाहेर आलं होतं. हिमेनाने लिहिलं, "सगळं मोजूनमापून करण्याची सवय. वडील कडक असावेत." विचारायची इच्छा तिच्या घशापर्यंत आली होती, तिने ती गिळली. पंचवीस मिनिटं दोघेही गप्प. मग ती म्हणाली, "आज इथेच थांबू. पुढच्या मंगळवारी, पाचला." तो उठला, तिच्याकडे जरा नवलाने बघितलं, बूट घातले आणि निघून गेला.

घरी नेलिदाने ऐकल्या ऐकल्या जाहीर केलं की हा तिनेच भाजीच्या दुकानात हेरलेला माणूस. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की हिमेनाला पेशंट मिळाला. फक्त नाव हिमेनाने आईलाही सांगितलं नाही, तेवढी लाज होती.

दुसऱ्या मंगळवारी तो पुन्हा आला, पुन्हा आडवा झाला. पाचेक मिनिटांनी छताकडे बघत म्हणाला, "माझ्या घरी एक सोफा आहे." हिमेनाने पेन उचललं आणि "हं" केलं. आठ वर्षांच्या शिक्षणाचा सगळा अर्क त्या एका हुंकारात होता.

मग तो बोलत सुटला. लग्नाच्या वर्षी त्याने बायकोसाठी, सुलेमासाठी, स्वतःच्या हाताने सोफा केला होता. हिरवी मखमल, पितळी खिळे, तीन महिने खपत होता. सुलेमाला तो इतका आवडला की मळू नये म्हणून तिने त्याच दिवशी त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर चढवलं. ते एकतीस वर्षांत निघालं नाही. उन्हाळ्यात पोटऱ्या चिकटतात, उठताना आवाज होतो, पाहुणे ओशाळतात. पोरं त्यावर वाढली, लग्नं होऊन गेली, मखमलीला एकाचंही बोट लागलं नाही. तिसऱ्या मंगळवारी तो पुन्हा सोफ्याचंच बोलला आणि बोलता बोलता त्याचा आवाज बसला. "तिला सांगायचं राहूनच गेलं," तो म्हणाला, "की मी तो ठेवायला केला नव्हता, बसायला केला होता." हिमेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, थेरपिस्ट पेशंटच्या मागे बसतो.

चौथ्या मंगळवारी तो आडवा होण्याआधीच सांगू लागला. रविवारी सुलेमा चर्चला गेली असताना त्याने कात्री घेतली आणि कव्हर टराटरा कापून काढलं. ती आली, दारातच थबकली. आता घर डोक्यावर घेणार म्हणून तो जीव मुठीत धरून उभा. ती सोफ्यावर बसली, तळहाताने मखमल कुरवाळली आणि म्हणाली, "अरे, याचा रंग इतका सुंदर होता?" मग दोघांनी तिथेच बसून माते, तो तिकडचा कडू चहा, प्यायला. सांडलासुद्धा.

हिमेना त्या दिवशी तरंगतच खाली आली. चार भेटी पुऱ्या. मुलाखत गुरुवारी. आणि जिन्यातच लेओनोरबाईंचा फोन. "शनिवारी येतेय गं. ते एवारिस्तो आले होते ना? सगळ्यांचे कोच तेच भरतात दर फेब्रुवारीत. जाताना सांगायचं विसरले तुला. माझ्या कोचाची मधली स्प्रिंग गेलीय, ती बदलली का त्यांनी?"

हिमेना पायरीवर बसली. तिला ती मुठी दाबणं आठवलं, ती मोजपट्टी, ती कुरकुर ऐकणं. कोच तपासायला आलेल्या कारागिराला तिने महिनाभर पेशंट म्हणून झोपवलं होतं. घरी नेलिदा म्हणाली, "मूग गिळून बस. आठ वर्षं तेच तर शिकलीस." पण कोच भरणाऱ्या माणसाचं मन त्याला न विचारता पाच परीक्षकांपुढे मांडायचं, हे हिमेनाला पटेना. मामाचा एप्रन तिच्या डोळ्यांपुढे नाचत होता. तरी बुधवारी सकाळी ती एवारिस्तोच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली.

तिथे नऊ कोच ओळीने मांडले होते, पोटं उघडी टाकून. एवारिस्तोच्या तोंडात खिळे होते. हिमेनाने एका दमात सगळं सांगितलं. बेकरीतली चिठ्ठी, गैरसमज, मुलाखत, आणि आपण किती मूर्ख आहोत तेही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिळे एकेक करून डबीत ठेवले.

"बाई," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी या लोकांचे कोच भरतोय. रोज त्यांवर आडवा होतो. मागे कोणी कधी बसलं नव्हतं."

"पण तुम्ही कोचासाठी आला होतात."

"पहिल्या मंगळवारी. स्प्रिंग गेलीय हे मला तीन मिनिटांत कळलं होतं. पुढचे तीन मंगळवार मी कशासाठी आलो असेन?"

हिमेना शेजारच्या उघड्या कोचाच्या काठावर बसली.

"उद्या खुशाल सांगा त्यांना," तो म्हणाला. "फक्त सुलेमाचं नाव बदला."

गुरुवारी पाच परीक्षकांनी विचारलं, पेशंट तुमच्याकडे आला कसा? हिमेनाने काही न लपवता सांगितलं. पाचही जण मुरलेले थेरपिस्ट. पाचांच्याही घरी एवारिस्तोने भरलेले कोच होते, आणि प्रत्येकाच्या मनात हेच चाललं असावं की आपल्या कोचावर तो दरसाल आडवा झाला तेव्हा आपण समुद्रावर होतो. शेवटी अध्यक्षबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "आणि कोच दुरुस्त झाला का?"

"नाही," हिमेना म्हणाली. "ते म्हणतात, इतक्यात होणार नाही."

जागा तिला मिळाली. एप्रन नेलिदा वापरते. लेओनोरबाईंचे पेशंट मात्र कमरेत काहीतरी टोचतं म्हणून अजून तक्रार करतात, आणि बाईंनी फोन केला की एवारिस्तो दर वेळी तेच सांगतो, काम नाजूक आहे, मंगळवारी पाचला येऊन बघतो.