शरणम्माच्या हातचं तेल

मित्रांनो, वळसंगच्या शिवारात विहिरीकाठी तिरकी बसून दिवसभर ऊन खाणारी ती मी, सोलरची एक जुनी प्लेट. माझं माहेर कुठलं म्हणून विचाराल, तर सांगताना माझीच गडबड उडते. माझ्या काळ्या चकत्या चीनमध्ये झाल्या, त्या कापणारं यंत्र जर्मनीचं, मी चालवते ती मोटार डेन्मार्कची आणि मला उभं धरणारा लोखंडी खांब सोलापूरचा. धूर न करता रानं भिजावीत म्हणून बऱ्याच देशांनी मिळून एक योजना केली. त्या योजनेतून आम्ही बहिणी मल्लप्पा आणि शरणम्मा या नवरा-बायकोच्या रानात आलो.

आमच्याआधी इथं डिझेलचं इंजिन होतं. त्याच्या धुरानं शरणम्माला खोकल्याची ढास लागायची. आम्ही आलो आणि खोकला पळाला. तेव्हापासून तिचा माझ्यावर फार जीव. रोज सकाळी ती ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसायची आणि लेकीशी बोलावं तशी माझ्याशी बोलायची.

मागच्या संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची जत्रा झाली. जत्रेत अडुसष्ट लिंगांना तेलानं न्हाऊ घालतात, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. ते पाहून आलेल्या शरणम्माला वाटलं, वर्षभर उन्हात बसणाऱ्या आपल्या पोरींना तेलाचं बोट कोण लावणार? तिनं करडईचं तेल घेतलं आणि आम्हा सगळ्यांना मायेनं चोळलं. मी सुखावले, खोटं कशाला बोलू? पण त्या तेलावर रस्त्याची धूळ बसली. ती फडक्यानं निघेना, नुसती पसरायची. मला ऊन दिसेना. पाण्याची धार करंगळीएवढी झाली आणि कांद्याच्या वाफ्यांनी माना टाकल्या.

"तब्येत उतरली गं पोरीची," म्हणत शरणम्मानं काय करावं? ती रोज तेल लावू लागली. मला वाचा असती, तर मी हात जोडून नको म्हटलं असतं. पण हात तरी कुठून आणू?

मल्लप्पा वैतागला. "परमुलखाचं सामान हितल्या धुळीत टिकतंय व्हय? सोमवारी इंजिन आणतो. ह्या प्लेटा काढून गोठ्यावर टाकू."

"अन् माझा खोकला?" शरणम्मा एवढंच बोलली. पण डोळ्यांदेखत कांदा वाळत होता.

रविवारी योजनेचे पंप पाहायला पाहुणे आले. त्यांत केनियाची अचिएंग नावाची इंजिनिअर होती. तिचं बोलणं मराठीत सांगायला सोलापूरची सिद्धेश्वरी होती. अचिएंगनं माझ्यावरून बोट फिरवलं, त्याचा वास घेतला आणि ती खुदकन हसली. काय झालं होतं ते सिद्धेश्वरीनं समजावून सांगितलं, तसा शरणम्माचा चेहरा उतरला.

"म्हंजे मीच आजारी पाडली व्हय पोरीला?"

"तसं न्हाय काकी. या काय म्हणतात ऐका. यांच्या आईनं तर ऊन लागू नये म्हणून प्लेटवर चादर घातली होती."

शरणम्मा पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग एकदम थांबली. "यव्वा, तेल लावलं आन् न्हाऊ घालायचं राहिलंच की."

तिनं रिठे उकळले. कोमट फेसानं एका बाजूनं शरणम्मा आणि दुसऱ्या बाजूनं अचिएंग मला चोळत होत्या. एकीचं बोलणं दुसरीला कळत नव्हतं, तरी दोघी बोलतच होत्या. मल्लप्पा मुकाट्यानं बादल्या शेंदून देत होता. अंगावरचं पाणी निथळलं, ऊन आत शिरलं आणि धार मनगटाएवढी पडली. सोमवारी इंजिन आलं नाही. कांद्यानं पुन्हा माना वर केल्या.

जाताना अचिएंग मूठभर रिठे घेऊन गेली. परवा तिनं पाठवलेला व्हिडिओ सिद्धेश्वरीनं दाखवला. केनियातली तिची म्हातारी आई माझ्यासारख्याच एका प्लेटला फेसानं न्हाऊ घालत होती. शरणम्मानं तो पुन्हा लावायला सांगितला. "ती बी माझ्यावानीच की," म्हणाली.

मित्रांनो, आम्ही दूरदेशींच्या लेकी उद्या तुमच्या गच्चीवर, तुमच्या रानातही येऊ. आम्हाला परकं म्हणू नका. शरणम्मा लावते तसा जीव लावा. यंदाच्या जत्रेलाही तिनं तेल आणलंच होतं. ते तिनं माझ्या लोखंडी खांबाला लावलं आणि मला मात्र न्हाऊ घातलं.